विश्लेषण : तीन आठवडे ताप, रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’... अशा वेळी डॉक्टरांकडे काय घेऊन जायचे?

दुपारी चार-साडेचार वाजले की अंगात कणकण सुरू होते. थर्मामीटर १००.८ दाखवतो. पॅरासिटॅमॉलची एक गोळी, अर्ध्या तासाने घाम, रात्री जरा बरे. सकाळी उठून पुन्हा लोकल, पुन्हा ऑफिस. ठाण्यात राहणाऱ्या, तिशीतल्या एखाद्या नोकरदाराचे हे प्रातिनिधिक चित्र समजा. चौथ्या दिवशी त्याने नाक्यावरच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घेतले. आठव्या दिवशी ‘विडाल पॉझिटिव्ह’ आली म्हणून दुसरे सुरू झाले. पंधराव्या दिवशी तिसरे डॉक्टर आणि तिसरी गोळी. आता तेविसावा दिवस आहे. हातात रिपोर्टची जाड फाइल आहे, वजन चार किलोने उतरले आहे आणि ताप आहे तिथेच आहे.

असा रुग्ण जवळपास प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत दिसतो. अशा तापाला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे आणि त्याचा माग काढण्याची ठरलेली पद्धतही आहे. त्या पद्धतीतला मोठा भाग मशिनचा नसून विचारपूस आणि तपासणीचा आहे. रुग्ण डॉक्टरांना काय सांगतो आणि काय सांगायचे राहून जाते, यावर निदान आठवडाभरात होणार की दोन महिन्यांनी, हे बरेचसे ठरते.

मुळात ताप कशाला म्हणायचे?

९८.६ अंश फॅरनहाइट हा आकडा आला जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिच यांच्याकडून. सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून घेतलेल्या नोंदींच्या आधारे त्यांनी १८६८ मध्ये तो मांडला. त्या काळचा थर्मामीटर १५-२० मिनिटे काखेत धरून बसावे लागे. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतील फिलिप मॅकोविआक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी तरुणांचे तापमान दिवसातून अनेकदा मोजले. सरासरी निघाली ९८.२. पहाटे ९८.९ पर्यंत आणि दुपारनंतर ९९.९ पर्यंतचे तापमान या निरोगी लोकांतही आढळले.

म्हणजे संध्याकाळी ९९.२ किंवा ९९.४ दिसले की ‘बारीक ताप आहे’ असे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. शरीराचे तापमान दिवसभरात अर्धा ते एक अंश वर-खाली होतच असते. स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या उत्तरार्धात ते आणखी थोडे वाढते. गरम चहा, जिना चढणे, उन्हातून येणे यांचाही परिणाम होतो. साधारणपणे १००.४ अंश किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप, असे डॉक्टर धरतात. दिवसातून दहा वेळा थर्मामीटर लावणारे, तापमान ९९.३, वजन स्थिर, भूक व्यवस्थित, हिमोग्लोबिन आणि ईएसआर ठीक असे रुग्ण कमी नाहीत. त्यांना अनुभवी डॉक्टर बहुधा एकच औषध सांगतात : थर्मामीटर कपाटात ठेवा.

कपाळासमोर धरायची इन्फ्रारेड ‘गन’ कोविडकाळात घरोघरी आली, पण तिच्यावर निदान उभे करू नये. साधा डिजिटल थर्मामीटर जिभेखाली धरून, काही खाल्ल्या-प्यायल्यानंतर किमान १५-२० मिनिटांनी घेतलेली नोंद अधिक भरवशाची. काखेतली नोंद त्याहून थोडी कमी येते.

‘तीन आठवडे’ हा हिशेब कुठून आला?

१९६१ मध्ये रॉबर्ट पीटर्सडॉर्फ आणि पॉल बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान वारंवार १०१ अंशांच्या वर, ताप तीन आठवड्यांहून अधिक काळ आणि रुग्णालयात आठवडाभर तपासण्या करूनही निदान नाही, अशा तापाला त्यांनी ‘फीव्हर ऑफ अननोन ओरिजिन’ म्हटले. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘एफयूओ’ किंवा ‘पीयूओ’ म्हणून येतो. तीन आठवड्यांची अट घालण्याचे कारण साधे आहे. बहुतेक विषाणूजन्य ताप तेवढ्या अवधीत आपोआप उतरतात, म्हणजे चाळणी लागते. १९९१ मध्ये व्याख्या थोडी बदलली. रुग्णालयातल्या आठवड्याऐवजी तीन दिवस किंवा ओपीडीच्या तीन भेटी पुरेशा ठरल्या. एचआयव्हीबाधित, पांढऱ्या पेशी घटलेले आणि रुग्णालयात दाखल असताना ताप आलेले रुग्ण यांचे वेगळे गट झाले.

मराठीत टायफॉइडला ‘मुदतीचा ताप’ म्हणतात. उपचार नसतील तर तो तीन-चार आठवडे टिकतो, हे अँटिबायोटिक येण्याच्या फार आधी घराघरांत माहीत होते.

पीटर्सडॉर्फ-बीसन यांच्या १०० रुग्णांपैकी ३६ जणांना संसर्ग निघाला, १९ जणांना कर्करोग. काही जणांना संधिवाताच्या कुळातले, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच उलटल्याने होणारे आजार होते. सात जणांचे निदान शेवटपर्यंत झाले नाही. आजही कारणांचे हेच मोठे गट मानले जातात. प्रमाण मात्र देशागणिक बदलते. भारतात संसर्गाचा वाटा मोठा आहे आणि त्यात क्षयरोग आघाडीवर आहे.

दुर्मीळ आजार, की नेहमीच्या आजाराचे वेगळे रूप?

न कळणारा ताप म्हटला की नेटवर शोधणारा माणूस थेट दुर्मीळ आजारांवर पोहोचतो. प्रत्यक्षात अशा तापामागे बहुतेकदा ओळखीचाच आजार असतो. फक्त तो नेहमीच्या वेषात येत नाही.

क्षयरोगाचेच घ्या. खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणून ‘टीबी नाही’ असे गृहीत धरले जाते. पण क्षयरोग मानेतल्या गाठीत, मणक्यात, आतड्यात, पोटातल्या पडद्यात, गर्भाशयात, मेंदूच्या आवरणात कुठेही होऊ शकतो. तिथे तो महिनोन्‌महिने फक्त संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि घटते वजन एवढ्याच खुणा दाखवतो.

मलेरियाचा ‘व्हायवॅक्स’ प्रकारही असाच. त्याचे परजीवी यकृतात दडून राहतात. रक्तातल्या परजीवींवरचा तीन दिवसांचा कोर्स झाला, बरे वाटले आणि यकृतातल्या परजीवींवरची प्रायमाक्विनची १४ दिवसांची गोळी अर्धवट सोडली, की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप परत येतो. रुग्णाला तो नवा ताप वाटतो. शिवाय मलेरियाची एक स्मिअर निगेटिव्ह आली म्हणजे मलेरिया नाही असे होत नाही. ती पुन्हा करावी लागते, शक्यतो ताप चढत असताना.

पावसाळा आणि त्यानंतरच्या महिन्यांत स्क्रब टायफस आठवायला हवा. गवतात, झुडपांत राहणाऱ्या सूक्ष्म माइटच्या पिल्लांच्या चाव्यातून तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भातल्या इतर भागांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, मृत्यूही झाले. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली पडते. ती दुखत नाही, खाजत नाही. असते ती काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, स्तनांखाली. कपडे न काढता तपासले तर ती दिसणारच नाही. दिसली तर निदान जवळपास तिथेच होते आणि डॉक्सिसायक्लिनने ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. डॉक्टरांकडून सर्रास लिहून दिली जाणारी सेफिक्झिमसारखी औषधे या जंतूवर चालत नाहीत.

ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा ताप. न तापवलेले दूध, गाभडलेल्या गायी-शेळीची हाताळणी, वार काढणे यातून तो माणसात येतो. काही दिवस चढतो, काही दिवस उतरतो, सांधे आणि कंबर धरतो. पशुवैद्यक, गोठ्यात काम करणारे, मेंढपाळ यांना त्याचा धोका अधिक. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना त्याची लस देतात, ती याचसाठी. शहरातल्या डॉक्टरांच्या डोक्यात हे नाव पटकन येत नाही आणि शहरातला रुग्णही ‘गावाला धार काढून तसेच निरसे दूध प्यायलो’ हे आपणहून सांगत नाही.

याशिवाय यकृतातला गळू, हृदयाच्या झडपेला झालेला संसर्ग, एचआयव्ही, मूत्रमार्गात किंवा दातांच्या मुळाशी साचलेला पू ही कारणे आहेतच. कालाआजार महाराष्ट्रात सहसा होत नाही. पण बिहार, झारखंडकडच्या भागांतून आलेल्या किंवा तिथे राहून आलेल्या माणसाला ताप आणि वाढलेली प्लीहा असेल, तर तो तपासावा लागतो.

संसर्ग नसेल तर? तरुण मुलींमध्ये ल्युपस, कधी मानेत गाठी आणणारा पण बहुधा आपोआप बरा होणारा किकुची आजार. रोज ठरावीक वेळी चढणारा ताप, सांधेदुखी, घसा, गुलाबी पुरळ आणि रक्तात फेरिटिन प्रचंड वाढलेले असेल तर ‘स्टिल्स डिसीज’. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीला नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे आणि ताप असेल, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला आलेली सूज. यात उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. लिम्फोमासारखे रक्ताचे कर्करोग आहेत. आणि कित्येकदा ध्यानात न येणारे कारण म्हणजे औषध. एखादे अँटिबायोटिक किंवा फिट्सची गोळीच ताप आणत असते. ती थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप जातो.

‘विडाल पॉझिटिव्ह’चे कोडे

आपल्याकडे रेंगाळलेल्या तापाची गोष्ट बहुतेकदा याच वळणावरून जाते. विडाल ही चाचणी १८९६ सालची. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मोजते. टायफॉइड जिथे सर्रास आढळतो, तिथे पूर्वी कधी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा लशीमुळे धडधाकट माणसाच्या रक्तातही ही प्रतिपिंडे सापडतात. इतर तापांतही ती उसळी घेतात. त्यामुळे एका विडालवर टायफॉइडचा शिक्का मारणे चूक ठरू शकते आणि खरे कारण तिथेच झाकले जाते.

टायफॉइडची खात्री ब्लड कल्चरने होते. तेही पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. तरीसुद्धा ते सुमारे निम्म्या रुग्णांत जंतू पकडते. अँटिबायोटिक पोटात गेल्यावर हे प्रमाण आणखी घसरते. प्रौढ माणसात प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिली रक्त हवे, आणि झडपेच्या संसर्गाचा संशय असेल तर वेगवेगळ्या ठिकाणांहून असे तीन संच. ‘एवढे रक्त कशाला काढता?’ म्हणून नातेवाईक लॅबवाल्याशी हुज्जत घालतात. पण थेंबभर रक्तात जंतू सापडण्याची शक्यता कमीच असते.

क्षयरोगाच्या रक्तचाचण्यांबाबतही गल्लत होते. टीबीची प्रतिपिंडे शोधणाऱ्या रक्तचाचण्यांवर भारताने जून २०१२ मध्ये बंदी घातली. त्या चुकीची उत्तरे देत होत्या. मॉन्टू किंवा ‘टीबी गोल्ड’ पॉझिटिव्ह आली तर शरीराची या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे, एवढेच कळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत असा सुप्त संसर्ग आढळला होता. त्यातल्या बहुतेकांना आजार नसतो. खरा पुरावा लागतो तो गाठीतून, पाण्यातून, थुंकीतून किंवा तुकड्यातून. त्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करता येते. ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे उपकरण गोव्यातल्या कंपनीचे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली आणि आज ते तालुक्याच्या पातळीपर्यंत पोहोचले आहे. या तपासण्या आणि पुढचे औषध सरकारी यंत्रणेत मोफत आहे. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहेत.

सत्तर चाचण्यांचे पॅकेज करावे का?

निदान होत नाही म्हटल्यावर घरचे लोक स्वतःच ‘फुल बॉडी’ पॅकेज बुक करतात. इथे थोडे गणित पाहायला हवे. बहुतेक रक्तचाचण्यांमधली ‘नॉर्मल रेंज’ ठरते ती १०० निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ जणांच्या आकड्यांवरून. म्हणजे पूर्ण निरोगी असूनही पाच जण रेंजच्या बाहेर असणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा २० चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचा किमान एक आकडा लाल अक्षरांत येण्याची शक्यता ६४ टक्के होते. सत्तर चाचण्यांत तर एकही लाल आकडा न येणे हेच नवल. मग त्या आकड्यामागे नवी तपासणी, नवा डॉक्टर आणि नवी भीती सुरू होते. मूळ ताप बाजूलाच राहतो.

डॉक्टर सुरुवात करतात ती मोजक्या तपासण्यांनी : संपूर्ण रक्तगणना आणि स्मिअर, ईएसआर, सीआरपी, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, लघवीची तपासणी आणि कल्चर, ब्लड कल्चर, मलेरिया, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. एचआयव्हीची चाचणी सरकारी समुपदेशन केंद्रांत मोफत होते आणि अहवाल गोपनीय राहतो. ‘आमच्या मुलाला कशाला ती?’ असा प्रश्न विचारून ती टाळणे म्हणजे यादीतले एक कारण डोळे मिटून खोडणे. त्यापुढचा प्रत्येक टप्पा आधी मिळालेल्या धाग्यावर ठरतो. गाठ असेल तर तिची बायोप्सी, नवा मर्मर ऐकू आला तर इको, रक्तपेशी घटल्या असतील तर बोनमॅरो. पेट-सीटी स्कॅन शरीरात कुठे दाह आहे ते दाखवू शकतो आणि अवघड रुग्णांत खरोखर उपयोगी पडतो. पण तो खासगीत दहा हजारांच्या पुढे जातो, किरणोत्सर्ग होतो आणि चमकलेली प्रत्येक जागा म्हणजे आजार नव्हे. तो पहिल्या आठवड्याची तपासणी नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

सर्वांत मोलाचा कागद घरीच तयार होतो. तापाची वही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री, चार ठरलेल्या वेळांचे तापमान, गोळी कधी घेतली, थंडी वाजली का, घाम कधी आला. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिले तरी चालेल. यंत्र बिघडले की इंजिनीअर आधी लॉग मागतो, तसेच हे. दोन आठवड्यांची अशी नोंद पाहून ताप रोज येतो, एक दिवसाआड येतो की आठवडाभर गायब होऊन परततो, हे डॉक्टरांना एका नजरेत कळते. ‘मधूनमधून येतो’ या उत्तरातून काहीच कळत नाही. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर वजनही लिहावे.

दुसरी यादी औषधांची. आजवर घेतलेल्या प्रत्येक गोळीचे नाव, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख. रिकाम्या स्ट्रिप फेकू नयेत, पिशवीत घालून न्याव्यात. ‘पांढरी, लांबट गोळी होती’ यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही. यात गुळवेलीचा काढा, वजन कमी करण्याची पावडर, जिममधले इंजेक्शन, सांधेदुखीसाठी कोणी दिलेली पुडी हे सगळे यायला हवे. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत. एक्स-रे आणि स्कॅनचा फक्त छापील निष्कर्ष नव्हे, तर फिल्म किंवा सीडीसुद्धा न्यावी. नवा डॉक्टर तीच फिल्म वेगळ्या नजरेने पाहू शकतो.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे जे विचारायला डॉक्टरांना वेळ नसतो आणि सांगायला रुग्णाला संकोच वाटतो ते. गेल्या सहा महिन्यांत कुठे प्रवास झाला? शेतात, गवतात, पुराच्या पाण्यात काम केले का? घरी कुत्री, मांजरे, जनावरे? घरात, ऑफिसात कोणाला टीबी? दात काढला, टॅटू काढला, रक्त चढवले, शस्त्रक्रियेत जाळी किंवा प्लेट बसवली? असुरक्षित लैंगिक संबंध, सुईने घेतलेली नशा? सोबत आई किंवा बायको असेल तर यातले काही प्रश्न उत्तराविना राहतात. डॉक्टरांशी दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे, असे स्पष्ट सांगण्यात गैर काही नाही.

ठाण्याच्या त्या नोकरदाराला तीन डॉक्टरांपैकी कोणीच विचारले नाही, असे समजू, की ताप सुरू होण्याआधी तो गावाला गेला होता का. तो गेला होता. बांधावरचे गवत कापायला दोन दिवस मदतही केली होती. त्यालाही ते सांगण्यासारखे वाटले नव्हते.

तपासणीसाठी कपडे सैल करायला लावणारा, तोंड, दात, काखा, जांघा, नखे, अंडकोश, पाठीचा कणा तपासणारा डॉक्टर वेळ घालवत नसतो. आणि अशी तपासणी एकदा करून भागत नाही. गाठ आज नसते, दहा दिवसांनी हाताला लागते. पुरळ दुपारी नसते, ताप चढला की उमटते. म्हणून दर चार दिवसांनी डॉक्टर बदलण्यात तोटा आहे. एक फिजिशियन धरून ठेवावा आणि गरज पडली तर त्यांच्याच चिठ्ठीने पुढे जावे. संसर्गजन्य आजारांचे स्वतंत्र तज्ज्ञ आता मोठ्या शहरांत आहेत. खासगी परवडत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात एकाच छताखाली बहुतेक विभाग सापडतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र त्या निर्णयात येत नाहीत.

‘गोळी देऊन बघू’ का नको?

तापाचे कारण माहीत नसताना अँटिबायोटिक बदलत राहणे हा निरुपद्रवी प्रयोग नाही. लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन ही औषधे क्षयरोगाच्या जंतूवरही अर्धवट चालतात. आठवडाभर ताप दबतो, रुग्ण खूश होतो, तपासणीत जंतू सापडत नाही आणि निदान महिनाभर पुढे जाते. झडपेच्या संसर्गातही अर्ध्या कोर्सनंतर कल्चर कोरे येते. आयसीएमआरने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य तापासाठी अँटिबायोटिक टाळावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

स्टेरॉइडचे याहून वाईट. डेक्सामेथासोनच्या इंजेक्शनने कुठलाही ताप उतरतो, भूक लागते, डॉक्टरचे नाव होते. आतमध्ये क्षयरोग असेल तर तो पसरतो आणि लिम्फोमा असेल तर गाठ तात्पुरती विरघळते, बायोप्सीत काही मिळत नाही. एका इंजेक्शनने ताप झटक्यात गेला असेल, तर ते कोणते होते, हे विचारून लिहून घ्यावे.

‘एकेटी सुरू करून बघू’ हा वाद जास्त अवघड आहे. क्षयरोग एवढा पसरलेल्या देशात, पुरावा मिळत नसताना आणि रुग्ण खालावत असताना डॉक्टर कधीकधी टीबीची औषधे अंदाजाने सुरू करतात. मेंदूज्वरासारख्या स्थितीत ते योग्यही ठरते, कारण वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो. पण ही औषधे किमान सहा महिन्यांची आहेत, यकृताला त्रास देऊ शकतात आणि त्यातले रिफॅम्पिसिन ब्रुसेलासह इतर जंतूंवरही चालते. त्यामुळे ‘बरे वाटले म्हणजे टीबीच होता’ असे सिद्ध होत नाही. अशा वेळी रुग्णाने विचारायला हवा तो प्रश्न साधा आहे : तुकडा, पाणी किंवा थुंकी तपासण्याचा मार्ग खरोखर संपला आहे का, आणि फरक पडला नाही तर किती दिवसांनी आपण पुन्हा विचार करणार?

पॅरासिटॅमॉल घ्यायला हरकत नाही. प्रौढाने २४ तासांत एकूण चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. यकृताचा आजार, दारू किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा आणखी खाली येते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटॅमॉलच असते, हे हिशेबात धरावे लागते.

वहीबिही बाजूला ठेवून लगेच कधी निघायचे?

ताप अंगावर काढायची सवय आपल्याकडे जुनी आहे. पण काही खुणा दिसल्या तर दिवस मोजत बसू नये. बडबड, गुंगी किंवा वागण्यात बदल, मान आखडणे, झटका येणे, दम लागणे, ओठ-नखे निळी पडणे, लघवी खूप कमी होणे, हातपाय गार पडून चक्कर येणे, हिरड्यांतून किंवा त्वचेखाली रक्तस्राव, थांबत नसलेल्या उलट्या, कावीळ. यातले काहीही असेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचे तापमान १००.४ झाले तरी तेच. केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाला ताप येणे ही आणीबाणीच असते, तिथे पहिला अँटिबायोटिक डोस तासाभरात मिळायला हवा. गरोदर स्त्री, अवयव प्रत्यारोपण झालेले, कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण यांनीही थांबू नये. सत्तरीच्या पुढच्या माणसाचा ताप १०० च्या वर जातच नाही असे अनेकदा होते. त्यांचे जेवण तुटणे आणि अचानक गोंधळणे हीच खूण.

सगळे करूनही कारण सापडले नाही तर?

असे होते, आणि ती नेहमीच वाईट बातमी नसते. काही युरोपीय अभ्यासांत अशा तापाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत अखेरपर्यंत निदान झाले नाही. मात्र सखोल तपासणीनंतरही काही न सापडलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांचा ताप पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप गेला. त्यामुळे प्रकृती स्थिर असेल, तर अनुभवी डॉक्टर कधीकधी सगळी अँटिबायोटिक बंद करतात, ठरावीक तारखेला बोलावतात, पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत तपासतात आणि पहिल्या दिवशी विचारलेले प्रश्न पुन्हा विचारतात. दुसऱ्यांदा विचारल्यावर काही रुग्णांना गोठा आठवतो, काहींना काढलेला दात. ओपीडीतून निघताना पुढच्या भेटीची तारीख आणि त्याआधी काय झाले तर तडक यायचे, या दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात.